जिभेतल्या नऊ सुया

हरभऱ्याएवढा गुळाचा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा, डावा डोळा मिटायचा आणि हनुवटी जराशी वर उचलायची. मी गादीवर बसून मनात मोजायचो. सातच्या आत डोळा उघडला तर गूळ एक नंबर. सात उलटले की समजायचं, आता शेजारच्या मडक्यात थुंकी पडणार. ती पडली की ते उपरण्याने ओठ पुसून शेतकऱ्याकडे पाहत आणि म्हणत, "घाण हाय गड्या. उचल."

कऱ्हाडच्या गूळपेठेत ज्या अडतीवर मी दिवाणजी होतो, तिथे हे गृहस्थ गुळाची पारख करायचे. पेठेत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'पारखी' म्हणत, आणि मीही तेच म्हणणार आहे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. प्रत्येक पेठेत असा एखादा माणूस असतो. तुम्हीही पाहिला असेल. फक्त तुमच्या माणसाच्या वाट्याला जे आलं नसेल ते यांच्या वाट्याला आलं, म्हणून लिहितो आहे.

चौदा वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. 'घाण' हा त्यांचा ठरलेला शब्द. हॉटेलातला चहा घाण, रेशनचा जोंधळा घाण, आमच्या अडतीच्या शेठजींनी पुण्याहून आणलेलं अत्तर तर "लयच घाण, मेलेल्या फुलाचं." एकदा अडतीवर फोटोवाला बोलावला होता. सगळे कोट-टोप्या घालून बसले. फोटो तयार होऊन आला तेव्हा पारखींनी तो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला, नाकाशी धरला आणि परत दिला. "मानसं बरी हाईत. पर वास न्हाई कशालाच," म्हणाले.

एका शेतकऱ्याला त्यांनी भर पेठेत सांगितलं, "तुझ्या काकवीत काय तरी मेलंय." तो शपथा घ्यायला लागला. "शपथ नगं घिऊस. गुळव्याला इचारून ये," पारखी म्हणाले. चार दिवसांनी तो आला तो मान खाली घालूनच. काहिलीत पाल पडली होती. गुळव्याने झाऱ्याने काढून फेकली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मी आकड्यांचा माणूस, ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणून मी टिपून ठेवत असे. चौदा वर्षांत अकरा शेतकरी त्यांच्या शब्दावरून भांडले. दहा वेळा पारखी बरोबर निघाले. अकराव्या वेळचं कळलं नाही, कारण तो माणूस रागाने गाडी जुंपून गूळ घेऊन कोल्हापूरला गेला.

या जिभेसाठी ते बैराग्यासारखे राहत. हंगामात मिरची बंद, कांदा बंद, सुपारी बंद. तंबाखू तर जन्मात नाही. हमाल तंबाखू मळायला लागले की ओरडत, "तिकडं जा रं! त्वांड हाय का उकिरडा?" दर ढेपेमागे चार फुटाणे आणि एक चूळ, हा त्यांचा नेम. सणालासुद्धा घरात तिखट केलं तर ते दूधभात खाऊन उठत. बायको वारलेली, एकुलता मुलगा फौजेत ब्रह्मदेशात. सून म्हणे, "मामंजींचं पान वाढायला अक्कल लागत न्हाई, नुसता हात लागतो."

लढाईच्या शेवटच्या हंगामात, दिवाळीच्या सुमाराला, त्यांची खालची उजवी दाढ फुटली. तिचं टोक जिभेच्या कडेला घासायचं. तिथे एक चट्टा उठला. मी म्हटलं, "पारखी, बाजारच्या दिवशी दात काढणारा येतो, त्याच्याकडून दाढ काढून घ्या."

"आन तो भाड्या लवंगाचं त्याल लावंल. म्हयनाभर मला दुसरी चव न्हाई कळायची. हंगाम उलगडू द्या, मग बघू."

हंगाम उलगडतो, म्हणजे संपतो, गुढीपाडव्याला. दिवाळी ते पाडवा पाच महिने. मी हिशेब केला आणि पुन्हा वहीकडे वळलो. हमालाला दाढ फुटली असती तर तो त्याच दिवशी काढून मोकळा झाला असता. हलवायाने, शिक्षकाने, माझ्यासारख्या कारकुनानेही काढली असती. पाच महिने फुटकी दाढ जिभेवर घासू देणं हे फक्त गुळाच्या पारख्यालाच सुचू शकतं, आणि ते फक्त त्याच्या दिवाणजीलाच पटू शकतं.

पौषात अडतीत एक वास यायला लागला. मला वाटलं उंदीर मेला. दोन दिवस मी हमालांकडून पोती हलवून घेतली. तीन कोपरे झाडले, भिंतीला फिनेल मारलं. तिसऱ्या दिवशी पारखी काहीतरी सांगायला माझ्या कानाशी वाकले आणि मला कळलं. मी मान फिरवली. ओल्या चामड्यात अंडं कुजावं तसा तो वास होता. मी इतका स्वच्छतेचा माणूस की घरी आल्यावर पायरीवरच पाय धुतो. त्यानंतर आठ दिवस मी पारखींच्या उजव्या बाजूला बसलो नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच घडलं.

त्याच दिवसांत माझ्या टिपणातला आकडा बिघडला. एरवी शंभर ढेपांत आठ-नऊ 'घाण' निघायच्या. माघात एकतीस निघाल्या. शेतकरी कुरकुरत उचलून नेत होते आणि तोच गूळ शेजारच्या अडतीवर एक नंबरला जात होता. शेठजी मला म्हणाले, "म्हाताऱ्याला काय झालंय बघा की जरा."

मी घरून एक ढेप आणली. दिवाळीत पारखींनी स्वतः निवडून मला दिलेली, त्या हंगामातली सगळ्यांत चांगली. तिचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. डोळा मिटला. मी सातापर्यंत मोजलं, दहापर्यंत मोजलं. मडक्यात थुंकी पडली.

"घाण हाय. कुनाचा हाय हा?"

"माझा. दिवाळीत तुम्ही दिलेला."

त्यांनी ढेप हातात घेतली. तळाला त्यांच्याच सुरीची खूण होती. अंगठ्याने दाबून पाहिली, उजेडात धरली. मग हळूच उपरणं तोंडावर घेतलं. त्यानंतर कुणाशीही बोलताना त्यांनी ते कधी खाली केलं नाही.

"कितीजनांचा गूळ बुडवला म्या?"

"सतरा जणांचा."

"तुमाला जरा कमी सांगता आलं नसतं व्हय?"

"सतराच आहेत, पारखी."

कऱ्हाडच्या डॉक्टरांनी आरशाच्या चकतीतून पाहिलं आणि नुसतं एवढंच सांगितलं की उशीर करू नका, सांगलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जा. मुलगा लांब, सुनेच्या पदरात तान्हं पोर. एक पुतण्या होता, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू. शेठजींनी मला पंधरा दिवसांची रजा दिली. फाल्गुनात आम्ही कऱ्हाडच्या स्टेशनावरून गाडीत बसलो. आमच्या बाकावरची चार माणसं ताकारी यायच्या आत दुसऱ्या बाकांवर गेली. पारखींनी ते पाहिलं आणि उपरण्याआडून म्हणाले, "बरं झालं. पाय सोडून बसा आता."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि चौथ्या दिवशी बोलावलं. बोलणं सरळ होतं. जिभेचा कर्करोग आहे. दोन वाटा आहेत. एक म्हणजे जीभ उजवीकडून अर्धी कापायची. दुसरी म्हणजे रेडियमच्या सुया. रेडियम हा एक धातू, त्याच्यातून न दिसणारे किरण निघतात आणि रोगाला जाळतात. नऊ सुया जिभेत खोवायच्या आणि सात दिवस तशाच ठेवायच्या. हा पहिला उपचार. पुढे लागला तर दुसरा.

"कापल्यावं चव ऱ्हाईल?"

"उरलेल्या भागात राहील. पण तुमचा रोग पुढे सरकला आहे. टोकही जाईल."

"आन सुयांनी?"

"सांगता येणार नाही. कदाचित राहील, कदाचित जाईल."

"सुया," पारखी म्हणाले. मग खुर्चीवरून उठून हात जोडले. "सायेब, कडंला काय जाळायचं ते जाळा. मागं जाळा. फकस्त टोकाला हात लावू नगा. गोड समदं टोकालाच कळतंय."

डॉक्टर म्हणाले, "रोग जिथवर गेला आहे तिथवर सुई जाणार."

बाहेर व्हरांड्यात बसल्यावर मी म्हटलं, "पारखी, जिवापुढे चव काय घेऊन बसलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिवाणजी, मला ल्ह्याया येत न्हाई, वाचाया येत न्हाई. रान व्हतं ते भावानं घेतलं. पन्नास वर्सं लोकांनी मला रामराम घातला तो ह्या येवड्याशा टोकाला घातला. ते गेल्यावर घरात बसून काय करू? सुनंच्या वरणाला बरं म्हनू?"

सुया बसवल्या त्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. मी तयारीने गेलो होतो, तरी दारातच थांबलो. जीभ फुगून तोंडात मावत नव्हती, ओठांच्या बाहेर आली होती. प्रत्येक सुईला एक रेशमी दोरा, असे नऊ दोरे तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर काढून गालावर चिकटपट्टीने लावले होते. लाळ थांबत नव्हती. ती उशाच्या इनॅमलच्या भांड्यात गळत होती, तांबूस आणि तारेसारखी. नाकातून रबरी नळी, तिच्यातून दूध आणि फेटलेलं अंडं. औषधी लाल पाण्याने दर दोन तासांनी तोंड धुवायचं. वासावर वास चढत होता. कुजल्याचा, त्यावर औषधाचा, त्यावर अंड्याचा. मी अर्धा तास बसलो आणि बाहेर नळापाशी जाऊन ओकलो. नळाच्या वर भिंतीला पांढऱ्या फरशा होत्या. त्या मी मोजल्या. बेचाळीस. दुसऱ्या दिवशीही ओकलो आणि दुसऱ्या दिवशीही त्या बेचाळीसच होत्या.

सुयांच्या किरणांचा त्रास शेजारच्यालाही होतो म्हणून भेटीला एका वेळी अर्धाच तास, आणि खुर्ची जेमतेम हात पुरेल एवढी लांब. सिस्टर दर चार तासांनी येऊन दोरे मोजत. मला ती पद्धत फार आवडली. त्या मोजून गेल्या की मीही एकदा मोजत असे.

पुतण्या दुसऱ्या दिवशी आला. टॉवेल नाकाला लावून खिडकीत उभा राहिला, डझनभर केळी स्टुलावर ठेवली आणि दुपारच्या गाडीने परत गेला. ज्याचं तोंड नऊ दोऱ्यांनी अडवलं आहे त्याला हा केळी देऊन गेला. मी त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा म्हणाला, "आवं दिवाणजी, तुमी कसं बसताय वो हितं? मला तर मळमळाया लागलं." मी त्याला नळाची जागा दाखवली.

पारखींना बोलता येत नव्हतं, लिहिता तर कधीच येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "दुखतं का फार?" तर त्यांनी माझा हात ओढला, त्यावर टॉवेल टाकला आणि आतून माझी बोटं दाबली. मला हसू आलं. आमच्या पेठेत सौदा तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबायची. किती बोटं, कोणती पेरं, त्यावरून भाव कळतो, आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही. पारखी दुखण्याचा भाव सांगत होते. बारा आणे. म्हणजे रुपयात बारा आणे दुखत होतं. संध्याकाळी चौदा आणे झालं. मी टॉवेलखाली सोळा विचारले तर त्यांनी मान हलवली आणि वर आढ्याकडे बोट दाखवलं. सोळा आणे झाले की सौदा पुरा, असं त्यांचं म्हणणं. तीन दिवस आमचं सगळं बोलणं त्या टॉवेलखाली झालं. अंडं चढवायला सिस्टर आल्या की ते माझ्या तळहातावर अंगठा घासत. ते 'घाण'. पेठेत मोडलेल्या सौद्याची ती खूण असते.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी दोरे मोजले. परत मोजले. मग मला दारातून आत बोलावून म्हणाल्या, "तुम्ही मोजा."

आठ होते.

खोलीचं दार लावलं. झाडूवालीला केर तसाच ठेवायला सांगितलं. सिस्टर घाबरलेल्या होत्या. ती सुई कुणाच्या अंगाखाली, कुणाच्या जोड्यात राहिली तर त्याचं मांस जळेल, त्यांनी सांगितलं. त्यांनी चादर झटकायला घेतली. लाळेचं भांडं राहिलं. ते मी घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण मोजणी चुकली होती आणि मला स्वस्थ बसवेना. मी ते सगळं दुसऱ्या थाळीत चमचा चमचा ओतून चिमट्याने उलटवून पाहिलं. गुठळ्या, तारा, मेलेल्या मांसाचे पापुद्रे. तीन वेळा उमासा आला, तीन वेळा गिळला. सुई नव्हती. पट्ट्यांची बादली पाहिली, त्यातही नव्हती.

त्याच वेळी सिस्टर म्हणाल्या, "आपोआप निसटली असेल तर तिथलं मांस सडून सुटलं असणार. मग डॉक्टर ती परत घालणार नाहीत, जागा धरणारच नाही. ओढून काढली असेल तर घालतील. मी त्यांना बोलावून आणते."

त्या गेल्या. माझी नजर स्टुलावर गेली. केळी काळी पडली होती, माश्या बसत होत्या. बारा होती. मी पुतण्यासमोरच मोजली होती. अकरांचे देठ खिडकीकडे होते. एकाचा पलंगाकडे. ते उचललं तर सालीच्या चिरेतून बोटभर रेशमी दोरा लोंबत होता.

मी वळून पाहिलं. पारखी माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी सुजलेल्या जिभेच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे भोक होतं आणि रक्त येत होतं. ती टोकाची सुई होती. दातांत दोरा धरून त्यांनी ती रात्रभरात सैल केली असावी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की केर पुढे कुठे जातो आणि त्यात कुणाचे हात जातात. त्यांच्या हिशेबात केळी फेकली जाणार होती आणि टोक वाचणार होतं.

त्यांनी हात लांब केला. मी जवळ गेलो. टॉवेल टाकायलाही ते थांबले नाहीत, उघड्यावरच माझी बोटं दाबली. पण हा भाव नव्हता. ते नुसतंच धरून दाबत होते, मांजराचं पिलू धरावं तसं. मग दोन्ही हात जोडले. मग लाळेच्या थाळीकडे बोट केलं.

मला समजलं. सुई त्या थाळीत टाकायची आणि म्हणायचं, थुंकीत सापडली. निम्मं मिनिट पुरे होतं. व्हरांड्यात डॉक्टरांच्या बुटांचा आवाज येत होता. मी ते केळं हातात घेऊन उभा होतो. हाताला चिकट लागत होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी रोग पसरेल, माणूस मरेल, असा काही विचार माझ्या डोक्यात नव्हता. नऊचे आठ झाले होते आणि ते परत नऊ व्हावेत, एवढंच होतं.

डॉक्टर आत आले. "सापडली?"

"हो."

"कुठे होती?"

"केळ्यात होती. त्यांनी काढून लपवली."

डॉक्टरांनी चिमट्याने सुई घेतली, शिशाच्या डबीत टाकली. त्यांनी पारखींना एक शब्दही रागाचा सुनावला नाही. दुपारी सुई परत बसवली, त्याच जागी, आणि जेवढे तास वाया गेले होते तेवढे पुढे वाढवून दिले. मी हिशेब केला तर डॉक्टरांचा हिशेब बरोबर होता.

संध्याकाळी मी खुर्चीवर बसलो, टॉवेल पसरला आणि हात आत सरकवला. "किती आणे, पारखी?" त्यांनी आपला हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. उरलेले दिवस मी रोज अर्धा तास त्यांच्या पाठीशेजारी बसलो. पाठीवर एक जुनी भाजल्याची खूण होती. काहिलीच्या काठाची असावी. चौदा वर्षांत मी ती पाहिली नव्हती.

सुया निघाल्या. महिनाभर तोंडाचं सालपट जात होतं, मग जखम भरत आली. पावसाळा संपेपर्यंत ते पेजेवरून भातावर आले. वास गेला. दसऱ्याला सून सोनं द्यायला आमच्या घरी आली तेव्हा म्हणाली, "मामंजी बोलत्यात आता. जरा जड बोलत्यात. पर जेवताना काय बी वाढा, गप खात्यात. मीठ नसलं तरी खात्यात. परवा पोरानं मिरचीचा तुकडा टाकला ताटात, त्यो बी खाल्ला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या न्हाई."

मी त्या दवाखान्यात पुढे एकदा दुसऱ्या कामाने गेलो होतो. डॉक्टरांना विचारलं, ती एक सुई परत घातली नसती तर काय झालं असतं? ते म्हणाले, सांगता येणार नाही. मी म्हटलं, अंदाजे? शंभरात किती? ते म्हणाले, असा आकडा माझ्याजवळ नाही. एवढं मात्र खरं, की रोग परत उठला नाही. पारखी पुढे दोन वर्षं जगले आणि गेले ते साध्या विषमज्वराने, नऊ दिवसांत. तेव्हा मी साताऱ्याला होतो. मला तार मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते सुयांनंतरच्या दिवाळीत. हंगामाचा पहिला सौदा होता. शेठजींनी नवा पारखी ठेवला होता, चाळिशीचा, बरा माणूस. पारखी आपण होऊन आले. धुतलेलं धोतर, नवं उपरणं, तोंड उघडं. सगळ्यांनी रामराम घातला. ते एका पोत्यावर बसून नुसतं पाहत होते. शेठजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्यांना बसू द्या रोज. रंग बघून, दाणा बघून सांगितलं तरी लोक मानतील. त्यांच्या नावाला मान हाय."

पाटणकडचा एक म्हातारा शेतकरी गाडी घेऊन आला होता. नवा पारखी पुढे झाला तर म्हाताऱ्याने त्याला हाताने बाजूला केलं. "तू ऱ्हाऊ दे रं बाबा. आवं पारखी, माझा गूळ तुमीच बघा. तुमी घाण म्हनला तर मी हितंच वतून जातो."

पारखी उठले. सुरीने ढेपेचा टवका काढला. दोन बोटांत चुरडून दाणा पाहिला, सूर्याकडे धरून रंग पाहिला. गूळ उत्तम होता. ते माझ्यासारख्यालाही लांबून दिसत होतं, आणि त्यांना तर तो कुठल्या मळ्यातला आहे हेही बोटांनी कळलं असेल. 'एक नंबर' म्हणायला काहीच हरकत नव्हती. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला. डावा डोळा मिटला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून ते समोर पाहत राहिले. मी मोजलं नाही.

"मला कळत न्हाई," ते म्हणाले.

म्हातारा हसला. "काय थट्टा करताय गरिबाची?"

"थट्टा न्हाई. माती आन गूळ येकच लागतंय मला. ह्या दिवाणजींना इचार. ते खोटं बोलत न्हाईत."

त्यांनी हातातला उरलेला टवका माझ्यापुढे धरला. रागाने धरला नव्हता. शंभर माणसं पाहत होती. मी घेतला आणि तोंडात टाकला. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं तसे.

"कसा हाय?"

"गोड आहे."

"कसा गोड?"

मला ते सांगता येईना. चौदा वर्षं पेठेत बसून मला गुळाच्या ढेपांची संख्या येत होती, वजन येत होतं. "गोड आहे, पारखी," मी परत म्हटलं.

"आसंल," ते म्हणाले आणि पेठेच्या दरवाज्याकडे चालू लागले.

मी तो तुकडा गिळला. घसा, टाळू, दातांच्या फटी, सगळीकडे ती गोडी चिकटून राहिली. मी मागच्या नळावर जाऊन चूळ भरली, परत भरली. ती गेली नाही. मला त्या गोडीची अशी किळस आली की दवाखान्यातल्या नळापाशीही तशी आली नव्हती.